सूतगिरणीचं संग्रहालय पाहायचंय? सुरुवात आपल्या जिनिंगपासून करा

जळगाव-धुळ्याकडची बरीच मंडळी हल्ली मुलांकडे म्हणून मँचेस्टर, बॉस्टन, नागोया अशा ठिकाणी महिना-दोन महिने राहून येतात. यातल्या प्रत्येक शहराच्या आसपास एखादी जुनी गिरणी किंवा कारखाना संग्रहालय करून जपलेला आहे. मुलगा शनिवारी गाडीत घालून तिथे नेतो. लाल विटांची इमारत, आत ओळीने लावलेली काळी यंत्रं, भिंतीवर इंग्रजीतले लांबलचक फलक. अर्ध्या तासात सगळे कॅफेत जाऊन बसतात आणि "छान होतं हो" म्हणत घरी येतात.

मला याचं वाईट वाटतं. त्या इमारतीत काय चाललं होतं हे कळायला जे लागतं, त्यातलं निम्मं आपल्याकडच्या माणसाला आधीच ठाऊक असतं. बोंड कसं फुटतं, कवडी म्हणजे काय, ओल्या कापसाचा भाव का पाडतात, यातलं काहीही तिथल्या शहरी प्रेक्षकाने पाहिलेलं नसतं. आपण ते पाहत मोठे झालो. म्हणून माझं सांगणं एवढंच की संग्रहालय इमारतीच्या क्रमाने बघू नका, कापसाच्या क्रमाने बघा. तो क्रम शेतातून आणि जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, सुरू होतो, तेव्हा अर्धी तयारी विमानात बसण्याआधी खान्देशातच करायची.

आधी जिनिंग

दिवाळीनंतर ते साधारण फेब्रुवारीपर्यंत जिनिंग जोरात असतं. पावसाळ्यात गेलात तर कुलूप आणि चौकीदार भेटेल. मालकाला फोन करण्यापेक्षा कापूस घालायला निघालेल्या ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर जाणं सोपं. तो मापाच्या रांगेत असेपर्यंत तुम्हाला हवं तेवढं बघून होतं. सुती कपडे घाला, साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घ्या, तोंडाला रुमाल बांधा. बिडी-काडी खिशातसुद्धा नको. रुईच्या ढिगाला आग लागली की ती वरवर विझलेली दिसते आणि आत तशीच धुमसत राहते. त्यामुळे तिथली माणसं या बाबतीत कुणाचंच ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुहेरी रुळाच्या जिनसमोर, ज्याला सगळे डीआर म्हणतात, जरा वेळ उभे राहा. चामड्याच्या चकत्यांचा रूळ फिरत असतो आणि त्याला घासून एक स्थिर पातं बसवलेलं असतं. रूळ तंतू पकडून त्या पात्याखालून ओढून नेतो. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही. मग हलतं पातं तिला ठोकरत राहतं आणि ती सुटून खाली पडते. अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर जिनचं तत्त्व ते हेच. परदेशी संग्रहालयांत जिन म्हणून बहुधा एली व्हिटनीचं १७९३ चं दातेरी जिन असतं. त्याचे दाते तंतू ओरबाडून घेतात, तर रूळ ओढून घेतो, म्हणून रुळाच्या जिनमध्ये तंतू कमी तुटतो. तिथल्या मार्गदर्शकाला सांगा की आमच्याकडे आजही रुळाचंच चालतं. बहुतेकांनी ते चालताना पाहिलेलं नसतं, आणि पुढचा तासभर तो तुमच्याबरोबर फिरतो.

दोन आकडे लक्षात ठेवा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. प्रेसमधून निघणारी गाठ १७० किलोची असते, म्हणजे एका गाठीमागे पाचेक क्विंटल कापूस. संग्रहालयात गाठींचे डोंगर दाखवणारे जुने फोटो असतात. ते पाहताना हा हिशेब मनात असला की त्यामागची शेतं दिसायला लागतात.

निघताना मूठभर रुई मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. घरी आल्यावर त्यातली चिमूटभर दोन्ही हातांत धरून ओढा, तुटलेले भाग एकावर एक ठेवा, पुन्हा ओढा. आठ-दहा वेळा केलं की तंतू सरळ होऊन एका रेषेत येतात. तो झुपका काळ्या कापडावर ठेवून शाळेच्या पट्टीने मोजा. हल्लीच्या बीटी संकरित कापसाची लांबी २८ ते ३० मिलिमीटरच्या आसपास भरते. आजोबांच्या काळातल्या देशी वाणांचा धागा याहून बराच आखूड होता. आता त्याच झुपक्याची एक बारीक वात ओढा आणि पीळ न देता ताणा. लगेच सुटेल. दुसरी वात बोटांनी पीळ देत ताणा. सुटणार नाही, तुटेल, आणि तुटायला जोर लागेल. कताईचं सगळं शास्त्र या दोन वातींमध्ये आहे. पुढे जी टनावारी यंत्रं दिसतील ती दोनच गोष्टी करतात, ओढणं आणि पीळ देणं. हा प्रयोग नातवंडांकडून नक्की करून घ्या.

एक सूचना. सरकीसकट कापूस परदेशी नेऊ नका. बी-बियाणं विमानतळावर काढून घेतात आणि वर प्रश्न विचारतात. फोटो पुरतो.

चरखा आणि चालू गिरणी

जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ २०१२ पासून खुलं आहे. तिथे जाऊन गांधीजींचा चरखा आणि खादी यांच्याबद्दल पाहून या. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं, ते याच मुलखात. हे सांगायचं कारण अभिमान नाही. परदेशातल्या गिरणी-संग्रहालयात भारताचा उल्लेख बहुधा दोनच जागी येतो, कच्चा कापूस पाठवणारा देश म्हणून आणि चरख्यावाले गांधी म्हणून. चरख्यावर एका वेळी एकच चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई, फिरते आणि हात थांबला की सूत थांबतं, हे प्रत्यक्ष पाहिलेलं असलं की शेकडो चात्यांच्या यंत्रासमोर उभं राहिल्यावर नेमकं काय बदललं ते समजतं.

चालू सूतगिरणीत शिरणं मात्र कठीण. शिरपूर, शहादा, धुळे या बाजूला शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. एकट्या माणसाला गेटवरून परत पाठवतात. कॉलेजची सहल किंवा शेतकरी गट असं पत्र असेल, तर प्रॉडक्शनच्या साहेबांना भेटून बहुधा जमतं. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो दमटपणा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतानाही आत हवेत पाणी फवारून ओलावा राखावा लागतो. लँकेशायरमध्ये कापसाचा धंदा रुजायला तिथली ओली हवाही कारणी लागली, हे जळगावच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नव्या गिरणीत यंत्रांची झाकणं बंद असतात आणि चात्या मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतात. डोळ्यांना काही दिसत नाही. संग्रहालयाचा उपयोग इथेच. तिथे तेच काम उघडं आणि हळू चालतं.

आपल्याच गावातल्या खुणा

हा भाग वगळू नका, फार तर सवडीने दोन फेऱ्यांत करा.

जळगावात खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली ती १८७० च्या दशकात, म्हणजे भारतातल्या कापड गिरण्यांच्या पहिल्या काही पिढ्यांतली. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये आणि नागपूरची टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये. जळगाव या दोन्हींच्या मधलं. आज त्या जागेवर, स्टेशनाजवळ, खान्देश सेंट्रल आहे. रोज तिथे गाडी लावणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. मुंबईचं मुळजी जेठा मार्केट आणि जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय ही नावंही कापडाच्या व्यापारातल्या एकाच घराण्याची.

अमळनेरला जायला सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी सोयीची. प्रताप मिल १९०६ ची, श्रीमंत प्रतापशेठ यांनी काढलेली. त्यांच्या पैशातून गावात काय काय उभं राहिलं ते चालत फिरून बघा. प्रताप हायस्कूल, जिथे साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. १९१६ चं तत्त्वज्ञान मंदिर. १९४५ चं प्रताप महाविद्यालय. त्याच वर्षाच्या अखेरीस याच गावात वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, ती पुढे विप्रो झाली. गिरणीमुळे गावात रेल्वेचा माल, मजूर, शाळा आणि भांडवल एकत्र आलं की काय घडतं, याचं एवढं आटोपशीर उदाहरण महाराष्ट्रात दुसरं सापडणं अवघड.

धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. चाळीसगाव-धुळे रेल्वेच्या फाट्याने दोन्ही गावं एका दिवसात होतात. दुपारी शेवभाजी खाऊन घ्या. ती कुठे चांगली मिळते यावर आमच्याकडे भांडणं होतात, तेव्हा नाव सांगत नाही.

या जागा रस्त्यावरूनच पाहा. बऱ्याच मालमत्ता वादात असतात, छपरं पडायला आलेली असतात. भिंतीवरून उडी मारून रील काढण्यासारखं तिथे काही नाही. बाहेरूनही पुष्कळ दिसतं. छप्पर करवतीच्या दातांसारखं असेल तर त्याच्या काचा कोणत्या दिशेला आहेत ते बघा. बहुधा उत्तरेला असतात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि ऊन थेट धाग्यावर पडत नाही. धुराडं जिथे, तिथे बॉयलर. उंच मनोऱ्यावर टाकी दिसली तर ती बहुतेकदा आग विझवण्याच्या पाण्याची. खांब ओतीव लोखंडाचे आहेत का, आणि त्यांना वरच्या बाजूला रिकामे कान राहिलेत का? त्यावरून लांबलचक शाफ्ट फिरत असे आणि एका इंजिनावर पट्ट्यांनी सगळं खातं चाले. या खुणा ओळखता आल्या की परदेशातली गिरणीही तुम्हाला बाहेरूनच निम्मी वाचता येते.

आणि माणसं शोधा. अमळनेर, चाळीसगाव, धुळ्यात गिरणीत नोकरी केलेले आप्पा-नाना अजून आहेत. कोणत्या खात्यात होतात, कोणत्या पाळीत, बदली की कायम, एवढ्या तीन प्रश्नांवर गप्पा सुरू होतात. संग्रहालयातल्या यंत्राचा फोटो मोबाइलवर दाखवला तर "हाई मी देखेल शे" (हे मी पाहिलंय) म्हणत ते हातांनी हवेत धागा सांधून दाखवतील. तो हात नीट बघून ठेवा, कुठल्याही फलकावर तो नसतो.

कोणतं संग्रहालय निवडायचं

एकच निकष लावा. तिथे यंत्रं चालवून दाखवतात का? उभं यंत्र हे नुसतं लोखंड. चालू यंत्र पाच मिनिटं पाहिलं तरी पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

इंग्लंडमध्ये असाल तर माझी पहिली पसंती क्वॉरी बँक. मँचेस्टर विमानतळाला लागून, स्टायल गावात. सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये बोलिन नदीच्या पाण्यावर ही गिरणी काढली. १९३९ पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे. हातचरख्यापासून म्यूल या कताईच्या यंत्रापर्यंतचा क्रम, प्रचंड पाणचक्की आणि लहान मुलं कामाला ठेवली ते घर, सगळं एका आवारात. चढउतार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी मधे बसत जावं. लँकेशायरमधलं हेल्मशोअर लहान आहे, पण तिथले म्यूल बघण्यासारखे. ते ऋतूप्रमाणे उघडतं. डर्बीशायरमधलं क्रॉमफर्ड म्हणजे रिचर्ड आर्कराइटची १७७१ ची गिरणी. जागतिक वारसा म्हणून मोठं, पण यंत्रं बघण्याच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल. तिथे पाहायची ती जागा आणि पाणी.

अमेरिकेत बॉस्टनजवळ लॉवेलला बूट कॉटन मिल्स म्युझियम आहे. ते मुख्यतः मागांचं. एका दालनात ८८ माग उभे आहेत आणि त्यातले काही चालू असले तरी पायाखालची जमीन थरथरते. दारातच कानात घालायचे बोळे देतात, ते घ्याच. जर्मनीत आउग्सबुर्गचं संग्रहालय जुन्या लोकरीच्या गिरणीत २०१० पासून आहे. कापूस पाहायचा असेल तर ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. नागोयाचं टोयोटा स्मृती संग्रहालय मात्र चुकवू नका. मोटारींच्या आधी टोयोडा घराणं मागाच्या धंद्यात होतं. साकिची टोयोडा यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. ज्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं जगभरच्या गिरण्यांत गेली, त्यांनीच शेवटी जपान्याकडे जावं, ही गोष्ट मला कुठल्याही कादंबरीपेक्षा सरस वाटते.

मुंबईतच जाणार असाल तर काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. जाण्याआधी आत्ता काय खुलं आहे हे विचारून निघा.

आदल्या दिवशी

यंत्रं चालवून दाखवण्याच्या वेळा संकेतस्थळावर असतात. नसतील तर फोन करा. दिवसाची आखणी त्या वेळांभोवती करा. तिकिटात परत येण्याची सवलत आहे का ते बघा, काही ठिकाणी एकच तिकीट वर्षभर चालतं. तेलाने गुळगुळीत झालेल्या फरशीवर चपला घसरतात, तेव्हा बूट घाला. साडी नेसायची असेल तर नेसा, पण पदर पिन लावून ठेवा. सकाळी दार उघडताना पोहोचा, दुपारी शाळांच्या सहली येतात.

आत गेल्यावर

पहिल्या दालनात मालकाचं तैलचित्र, घराण्याची वंशावळ आणि सनावळी असते. ती शेवटी बघा. सरळ विचारा की ब्लो रूम कुठे आहे.

ब्लो रूममध्ये गाठ फोडून, झोडपून, हवेच्या झोताने कचरा काढतात. पाला, बोंडाची टरफलं, माती. वेचणी कशी झाली त्याची परीक्षा इथे होते. इथे फार वेळ लागत नाही.

खरा मुक्काम कार्डिंगला. मोठ्या पिंपाच्या आकाराच्या सिलिंडरवर लाखो बारीक तारा, आणि वर तशाच तारांच्या पट्ट्या विरुद्ध तोंड करून. या दोन्हींच्या मधून जाताना कापसाचा प्रत्येक तंतू सुटा होतो. यंत्राच्या पुढच्या तोंडाशी उभे राहा आणि वाकून, उजेड मागे येईल असं बघा. तिथून दुधावरच्या सायीसारखा पातळ, रुंद पापुद्रा सुटून येतो, आरपार दिसणारा. त्यात मधेमधे बारीक गुठळ्या दिसतील. कच्च्या बोंडातले, नीट न भरलेले तंतू बहुधा असेच गुंततात. पुढच्या क्षणी तो पापुद्रा एका नरसाळ्यातून ओढला जाऊन अंगठ्याएवढा जाड, मऊ पेळू होतो आणि डब्यात वेटोळी घालत पडतो. मागितला तर मार्गदर्शक बोटभर तुकडा देतो. घरी केलेला प्रयोग इथे पुन्हा करा.

मग ड्रॉ फ्रेम. सहा-आठ पेळू एकत्र घालायचे आणि तेवढेच ओढून पुन्हा एक करायचा. मुलांना हा वेडेपणा वाटतो. कारण साधं आहे, एकाचा जाड भाग दुसऱ्याच्या बारीक भागावर येतो आणि धागा सारखा होतो. रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात म्हणून पेळू ताणला जातो. त्या रुळांमधलं अंतर तंतूच्या लांबीवर ठरवतात. तुमची पट्टी आणि काळं कापड आठवा.

याच जागी खान्देशाचा एक धागा येऊन मिळतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं आणि लँकेशायरचा कापूस तुटला. तेव्हा मुंबई बंदरातून आपला कापूस तिकडे गेला. भाव आभाळाला भिडले, खान्देशात लागवड वाढली. नुकतीच आलेली रेल्वेही कामी आली, १८६३ मध्ये ती भुसावळपर्यंत पोहोचली होती. पण तिथली यंत्रं लांब धाग्याच्या अमेरिकन कापसासाठी लावलेली. पश्चिम भारतातून येणाऱ्या आखूड, कचरा मिसळलेल्या मालाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. तो सतत तुटे आणि कामगार त्याला शिव्या देत. सूत मोजून मजुरी मिळायची, त्यामुळे तुटलेल्या प्रत्येक धाग्याचे पैसे त्यांच्या खिशातून जात. युद्ध संपलं, भाव कोसळले. 'कॉटन फॅमिन' नावाचा फलक दिसला की थांबून वाचा. त्यात शेतकरी फारसा नसतो, तो तुम्ही मनात जोडून घ्या.

स्पीड फ्रेम पटकन उरका, तिथे पेळू बारीक होऊन त्याला जेमतेम पीळ मिळतो. मग कताई. आर्कराइटचं १७६९ चं वॉटर फ्रेम, क्रॉम्प्टनचं १७७९ चं म्यूल आणि नंतरची रिंग फ्रेम. म्यूल चालू असेल तर बाकी सगळं सोडून तिथे जा. चात्या बसवलेला लांबलचक गाडा दीडेक मीटर बाहेर येतो, येताना सगळे धागे एकदम ओढतो आणि पिळतो, क्षणभर थांबतो, मग परत जाताना सूत गुंडाळतो. पुन्हा बाहेर. लहान पोरं या गाड्याखाली शिरून कचरा गोळा करायची, गाडा परत येईपर्यंत बाहेर पडायचं. किती सेकंद मिळतात ते घड्याळ लावून मोजा.

रिंग फ्रेमवर बघायची वस्तू नखापेक्षा लहान आहे. बॉबिनभोवतीच्या कड्यावर पळणारा सी आकाराचा ट्रॅव्हलर. चाती त्याला धाग्याने ओढत फिरवते, तो किंचित मागे पडतो, आणि तेवढ्या मागे पडण्यातून सूत बॉबिनवर चढतं. पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता होतं. म्यूलला दर खेपेला थांबावं लागतं, हिला नाही. जगभर म्यूल मागे पडला तो यामुळे. भारतातल्या गिरण्यांनीही रिंगच धरली.

मार्गदर्शकाला नंबर विचारा. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तो सुताचा नंबर. २० नंबरचं एक किलो सूत साधारण ३४ किलोमीटर भरतं, ४० नंबरचं ६८. म्हणजे ४० नंबरचं किलोभर सूत उलगडलं तर जळगावहून निघून अमळनेर ओलांडून पुढे जातं. दुकानात लडी विकत घेताना हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस सरळ होऊन बसतो.

मागांचं खातं असेल तर आवाजासाठी जा. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून दुसरीकडे फेकला जातो आणि दर खेपेला आपटतो. लँकेशायरच्या विणकर बाया ओठांच्या हालचालींवर बोलत. जुन्या धोट्यात धागा तोंडाने ओढून घालत, आणि एकाच धोट्याला अनेकींची तोंडं लागत.

यंत्रांवरच्या ओतीव पाट्यांचे फोटो काढा. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. डॉब्सन अँड बार्लो, बोल्टन. हॉवर्ड अँड बुलो, अॅक्रिंग्टन. परत आल्यावर आप्पा-नानांना दाखवा. यातली नावं त्यांनी रोज पुसलेली असू शकतात.

आता मालकाचं दालन

यंत्रं पाहून झाली की पहिल्या दालनात परत या. ग्रेगने कामगारांसाठी स्टायलमध्ये घरं, शाळा, प्रार्थनाघर, दुकान दिलं. अमळनेर फिरून आलेल्याला हे ओळखीचं वाटेल. पण त्याच ग्रेगकडे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता, आणि गिरणीत विनावेतन राबणारी मुलं होती. चांगलं संग्रहालय हे लपवत नाही. लपवत असेल तर विचारा.

आपल्याकडचं पण तोलून बघा. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचं काम नऊ तासांवर आणलं. म्हणजे त्याआधी काय होतं, ते समजून घ्या. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मिळवून दिली.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा फलक बहुधा कोपऱ्यात असतो. बिसिनोसिस. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वात जास्त आवळते, ही त्याची खूण. घरात गिरणीत काम केलेलं कुणी असेल आणि सोमवारी त्यांना दम लागायचा असं आईने कधी सांगितलं असेल, तर त्याचा अर्थ इथे लागतो. जिनिंगमध्ये आज काम करणाऱ्या बायकांच्या तोंडावर साधा रुमाल असतो, तेही आठवतं.

परत आल्यावर

घरातल्या पेट्या उघडा. गिरणीचा बिल्ला, हजेरीचं कार्ड, पगाराची पावती, सोसायटीचं पासबुक, पाळीवरच्या माणसांचा गटफोटो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, खातं आणि अंदाजे वर्ष लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. लॅमिनेशन करू नका, ते परत सोडवता येत नाही. साध्या कागदी पाकिटात, लोखंडी कपाटात, वाळवी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. घरात सांभाळणारं कुणी नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात विचारून बघा. देताना त्याची पोच लिहून घ्या.

आप्पा-नानांचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर दुपारी पंखा बंद करून करा, नाहीतर पंखाच ऐकू येतो. फोन त्यांच्यासमोर उशीवर ठेवा आणि पाट्यांचे फोटो एकेक करून पुढे सरकवत जा. अहिराणीत बोलले तर बोलू द्या, मधेच प्रमाण मराठीत विचारून तोडू नका.